सगुणा (३)

नारायण पेठेत, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर,
जिथे खाली यंत्र सुरू झालं
की कपातल्या चहाला लाटा यायच्या,
मी चरित्रकोशाचं ‘स’ अक्षर तपासत होतो.
पगार बेताचा. पण ‘स’ मोठं आहे,
दोन वर्षं पुरेल, म्हणाले संपादक.

सदाशिव एकोणीस निघाले.
(हसू नका, पेठ पलीकडेच आहे.)
जन्मसालाप्रमाणे कंसात आकडे दिले त्यांना.
वैद्य, किल्लेदार, पंचांगकर्ता,
दोघं एकाच घरातले, आजा आणि नातू,
आज्याची फाशी नातवाच्या नावावर चढली होती,
ती उतरवली.

सगुणा चारच.

पहिलीनं दुष्काळात सासऱ्याला न विचारता पेव उघडलं.
जन्म: अज्ञात. मृत्यू: अज्ञात.
ज्वारी: वीस खंडी.

दुसरी पडद्याआडून गायची.
पडदा कुठला, जर कसली, कुणी दिला, आठ ओळी.
गाण्याला एक.

तिसरी प्लेगच्या साली, गावाबाहेरच्या छावणीत सुईण.
बेचाळीस बाळंतपणं. काखेत गाठ आली
तेव्हा त्रेचाळिसावं अर्ध्यावर होतं,
तेही उरकलं तिनं, आणि मग आडवी झाली.
पूर्ववृत्त उपलब्ध नाही.

चौथी पर्वतीच्या पायथ्याशी बायकांना सायकल शिकवायची.
तिचा फोटो आहे. सायकलचा जास्त स्पष्ट आलाय.

तिसरीच्या टिपणाला एक चिठोरं टाचलेलं होतं,
छावणीत तिच्यामागे राहिलेल्या वस्तूंची यादी:
लुगडी दोन, कात्री, एरंडेलाची बाटली,
चांदीचं लहान पदक, त्यावर ‘द्वारका’ असं नाव.
टिपणकारानं पेन्सिलीनं पुढे लिहिलेलं,
मैत्रिणीचं असावे.

मी ‘द’चा खंड काढला.
द्वारका (५). मुलींच्या शाळेत अंकगणितात पहिली,
चांदीचं पदक, तेराव्या वर्षी विवाह.
पुढील वृत्त उपलब्ध नाही.

खाली यंत्र थांबलं होतं बहुतेक,
किंवा मला ऐकू आलं नाही.

संपादक म्हणाले, ‘द’ छापून, बांधून, गावोगाव गेलाय.
शुद्धिपत्रात घेऊ.
शुद्धिपत्र कोण वाचतं हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
मग तिसरीच्या शेवटी मी दोन शब्द वाढवले:
पाहा, द्वारका (५).
म्हणजे सुईणीकडून त्या पोरीकडे जाता येतं आता.
पोरीकडून सुईणीकडे येता येत नाही,
ती पाटीवर हिशेब करत बसलीय,
पुढे काय होणार ते तिच्या खंडात नाही.

आता हे कशाला सांगतोय.

ओतूरला, माझ्या लग्नात,
ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी ‘मृणालिनी’ लिहिलं.
अक्षर सुरेख, सगळे म्हणाले.
णचा दांडा जरा वाकडा आला होता, तेवढा सारखा केला.
त्या तांदळाचं पुढे काय झालं, विचारलं नाही.
भातच झाला असणार.

वर्षभरानं खालच्या मजल्यावर, पटवर्धनांकडे, फोन आला.
“सगुणा आहे का?”
राँग नंबर, म्हणालो मी, आणि ठेवला.
जिना अर्धा चढल्यावर लक्षात आलं.
तसाच वर गेलो. ती चुलीशी नव्हती, गॅलरीत होती,
काही बोललो नाही.

ते मुद्रित परत पाठवलं त्या रात्री मी सांगितलं तिला.
सव्वीस वर्षांनी.
ती वाळलेल्या चादरी घेऊन बसली होती.

“यमूचा होता तो,” म्हणाली.
“मुलीच्या बारशाला बोलवायला केला होता.
नंतर भेटली तेव्हा म्हणाली,
तुमचा आवाज ओळखला होता तिनं.”

आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली,
ताणून धरायला.